दुसऱ्या सहीची जागा

माझ्या अर्जातला एक माणूस हयात नव्हता, आणि खिडकीवरच्या बाईंनी ते एका मिनिटात पकडलं.

"दुसरी व्यक्ती… तुमचे वडील," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्यांची सही राहिलीय. त्यांना इथं बोलवा, नाहीतर घरून करून आणा. आज चारपर्यंत."

"ते येऊ शकत नाहीत," मी म्हणाले.

"आजारी आहेत?"

मी अर्जावरच्या बाबांच्या नावाकडे पाहिलं. बाईंना काय ते कळलं असावं. त्यांनी अर्ज अलगद माझ्याकडे सरकवला आणि नियम सांगितला, तोही जरा हळू आवाजात. नगरपालिकेची 'तातडीची कला मदत' सात दिवसांत मंजूर होते, पण एकट्या माणसाला मिळत नाही. दोघं लागतात, दोघं याच शहरातले, आणि एका माणसाचं नाव एकाच अर्जावर चालतं.

मला कुणाला फसवायचं नव्हतं हो. हाताची सवय, दुसरं काय! आम्ही बापलेक पाट्या रंगवायचो. कामाच्या प्रत्येक कागदावर पहिलं नाव माझं, दुसरं बाबांचं. तसा त्यांचाच हट्ट होता. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, पण 'दुसरी व्यक्ती' असं छापलेलं दिसल्याबरोबर हात आपोआप त्यांचं नाव लिहून मोकळा झाला. आणि खरं सांगायचं तर लिहायला दुसरं नाव होतं कुणाचं? एक आत्या, ती परगावी. दर रविवारी फोन करून विचारायची, "घर खायला उठत नाही का गं तुला?" मी म्हणायचे, नाही. घर ऐकत असायचं.

जुन्या बाजाराची इमारत महिनाअखेरीस पाडणार होते. तिथल्या चौसष्ट दुकानांच्या पाट्या आमच्या हातच्या, निम्म्याहून जास्त बाबांच्या एकट्याच्या. त्यांचे खाके उतरवून घ्यायचे आणि ग्रंथालयाच्या लांबलचक भिंतीवर पाट्या जशाच्या तशा रंगवायच्या, एवढंच मला हवं होतं. फोटोंत बाबांचे डोळे हमखास मिटलेले. त्यांचं अक्षर तेवढं डोळे उघडे ठेवून राहिलं होतं, आणि ते आता मलब्यात जाणार होतं.

मी अर्जाची घडी करून वळले, तर मागे एक माणूस उभा. उंच, खांदे जरा पडलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"माफ करा… ऐकू आलं म्हणून बोलतो," तो म्हणाला. "माझीही तीच अडचण आहे. दुसरी सही नाहीये. बाजाराचंच काम आहे माझं. मला तिथले आवाज टिपून ठेवायचेत. दोन्ही मिळून एकच अर्ज केला तर?"

खिडकीवरच्या बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग घड्याळाकडे. "नवा फॉर्म घ्या," त्या म्हणाल्या. "चारला खिडकी बंद होईल. मग देव आला तरी उघडणार नाही."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

मी लिहायला घेतलं. तो पेन मागून आणतो म्हणून खिडकीकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. खिशात तीन पेनं असताना चौथं कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण बुडत्याला काडी मिळाली की ती काडी कुठल्या झाडाची, हे तो विचारत बसत नाही.

तो परत आला तसं मी विचारलं, तुम्ही करता काय?

"इस्पितळात कान तपासतो. काचेच्या बंद खोलीत पेशंट बसतो, मी बाहेर. मी बटण दाबून बारीक आवाज सोडतो. ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. मग त्याहून बारीक… मग त्याहून…"

"म्हणजे दिवसभर लोक तुम्हाला हात वर करून दाखवतात."

"हो. आणि बोलत कोणीच नाही."

मी हसले. पुष्कळ दिवसांनी हसल्यामुळे तो आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यानं मान किंचित तिरकी केली, तपासायला आल्यासारखी.

बाजारात शर्टाची बटणं विकणाऱ्या, बटणवाल्या आजी त्याच्या पेशंट होत्या. त्या त्याला म्हणाल्या होत्या, कान चालले तर चालले बाबा, पण बाजार पाडायच्या आधी मला तो एकदा पोटभर ऐकायचाय. तिथून त्यानं हे डोक्यात घेतलं होतं.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, 'तुम्ही एकमेकांना किती काळ ओळखता?'

"दोन वर्षं लिहू या," मी म्हणाले. "बरं दिसतं."

"नको. खोटं नको." त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, 'अठ्ठावीस मिनिटं.'

सहाव्या दिवशी मंजुरी आली.

खाका उतरवायचं काम फार निवांत असतं. पाटीवर पातळ कागद ताणून लावायचा, अक्षराच्या कडेकडेनं टाचणीनं बारीक भोकं पाडत जायचं. नंतर तो कागद भिंतीवर धरून वरून खडूच्या पुडीची पोटली आपटली, की ठिपक्याठिपक्यांचं अक्षर उमटतं. मी शिडीवर टाचणी घेऊन, तो खाली आपलं आवाज टिपायचं यंत्र घेऊन. सकाळी शटर वर जाताना प्रत्येक दुकानाचा आवाज वेगळा असतो, हे त्यानं मला शिकवलं. किल्लीवाल्याचं शटर खाकरतं आणि कापडवाल्याचं कुरकुरत वर जातं. मी त्याला बाबांचा 'र' ओळखायला शिकवला. त्याच्या शेपटीला त्यांनी नेहमी एक उगाचच झोका दिलेला असायचा.

"उगाचच कसा?" तो खालून म्हणाला. "मजेत असतील तेव्हा."

असं मला कधी सुचलंच नव्हतं. त्यानंतर मी पाट्यांवर बाबांचे मजेचे दिवस मोजू लागले. पुष्कळ निघाले.

एके दुपारी पाऊस आला. बाजाराचं छप्पर ठिकठिकाणी उचकटलेलं, आणि माझ्या हातात घड्याळजींच्या पाटीचा पुरा झालेला खाका. कागद भिजला असता तर दोन दिवसांचं काम वाया. त्यानं आपलं यंत्र तिथंच सोडलं, धावत येऊन ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही त्या कागदावर छप्पर होऊन उभे राहिलो. पाऊण तास. त्याच्या बाहीवरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"तुमचं यंत्र भिजेल," मी म्हणाले.

"चालू आहे ते."

"म्हणजे… आपलं बोलणं…?"

"आपण बोललोच कुठं अजून?" तो म्हणाला आणि पावसाकडे बघत राहिला. माझे कान तापले. ते त्याच्या लक्षात आलं असणार, कारण कान हा त्याचा धंदाच होता.

पण गोष्ट तिथंच थांबली. आम्ही 'तुम्ही', 'तुम्ही' करत राहिलो, एकमेकांचा चहा न सांडता हातात द्यायला शिकलो, आणि संध्याकाळी आपापल्या घरी गेलो. घरी गेल्यावर तवा एकाच पोळीसाठी तापवायचा कंटाळा यायचा. आता तो जास्तच येऊ लागला. माणसाची सवय नसते तेव्हा निभतं. सवय लागून मग ते माणूस संध्याकाळी फाटकाशी हात हलवून निघून जातं, ते फार वाईट. मी दिवस मोजत होते. भिंत पूर्ण होईल, अहवालावर दोन सह्या होतील, आणि मग त्यानं मला भेटायचं ते कोणत्या कारणानं?

चौसष्टावी पाटी आमच्याच गाळ्याची होती. 'पेंटर आणि कन्या.' बाबांचा विनोद; लोक 'आणि कंपनी' लिहितात, तर हे 'आणि कन्या'. तिच्यावर मी कागद लावला, टाचणी टेकवली आणि तशीच बसून राहिले. तिला भोक पाडवेना. तो शिडीखाली उभा होता. त्यानं कारण विचारलं नाही, नुसता यंत्र बंद करून थांबला. शेवटी मी पाटीच उतरवून घरी नेली आणि पलंगाखाली ठेवली. महिनाअखेरीस बाजार पडला. आम्ही दोघंही बघायला गेलो नाही.

ग्रंथालयाची भिंत मात्र झाली. त्रेसष्ट पाट्या, आणि प्रत्येकीखाली एक छोटा कर्णा. बटण दाबलं की त्या दुकानाचं शटर वर जायचं. बटणवाल्या आजींनी आपल्या कर्ण्याला कान लावला, डोळे मिटले आणि सवयीनं हात वर केला. सगळे हसले. मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडेच पाहत होता. मग कुणीतरी त्याला बोलावलं.

अहवाल द्यायला आम्ही पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहिलो. बाईंनी पानं चाळली.

"अर्जात चौसष्ट, अहवालात त्रेसष्ट."

"एक राहिली," मी म्हणाले. "करीन."

त्यांनी शिक्का मारला, फाइल उघडली आणि त्याच्यापुढे एक कागद टाकला. "आणि हा तुमचा रद्द केलेला अर्ज. न्यायचा तर न्या, नाहीतर रद्दीत जाईल."

त्याचा हात पुढे होण्याआधी माझा झाला. तोच फॉर्म, त्याच दिवशीचा. सकाळी अकराचा शिक्का. अर्ज पूर्ण भरलेला, खाली सह्या दोन. आणि त्यावर आडवं लिहिलेलं, 'अर्जदाराच्या विनंतीवरून रद्द, दुपारी ३.२५.'

म्हणजे तेव्हा तो पेन मागायला गेला नव्हता.

मी तो कागद घेऊन बाहेर पडले. तो मागोमाग पायऱ्यांपर्यंत आला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

"खोटं नको म्हणालास ना?" मी म्हणाले. "अठ्ठावीस मिनिटं अगदी मोजून लिहिलीस. आणि सहीचं खोटं बोललास. सकाळी अकरालाच तुझा अर्ज झाला होता. तुला माझी दया आली. महिनाभर मी… मी काय काय समजत बसले, आणि तू माझ्यावर उपकार करत होतास."

तो मला ओलांडून एक पायरी खाली उभा राहिला होता, त्यामुळे पहिल्यांदाच आमचे डोळे समोरासमोर आले.

"ती दुसरी सही बघ कुणाची आहे," तो म्हणाला. "इस्पितळाच्या लिफ्टमन काकांची. चौथा मजला येईपर्यंत त्यांनी केली. कशावर करतोय हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कागदावर आम्ही दोघं होतो… मी एकटाच होतो. दुपारी अर्जासोबतची बाजाराच्या नकाशाची प्रत द्यायची राहिली म्हणून परत आलो, तर तू खिडकीत 'ते येऊ शकत नाहीत' म्हणालीस. इतक्या हळू, की त्या बाईंनाही नीट ऐकू गेलं नसेल. मी रोज आवाजच मोजतो गं. एवढा बारीक आवाज… मला ऐकू आला. मी हात वर केला, बस. दया कसली त्यात?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्यामागून दुसरी. मी त्या लिफ्टमन काकांची घाईची सही बघत होते. एका माणसाच्या नावापुढे दुसरं नाव किती सहज लिहून होतं, आणि तरी ती जागा रिकामीच राहते. मला ते ठाऊक होतं. फक्त ते आणखी कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

"तू मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"रागात म्हणाले."

"मग थोडी रागावलेली राहा."

मी हसू दाबलं. तो वळला. पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे. इस्पितळात असंच करतात म्हणे, पेशंटला ओठ दिसू नयेत म्हणून. मग तो काहीतरी पुटपुटला, इतकं हळू की त्याच्या खांद्यांवरूनच कळलं.

"काय?"

"आधी ऐक. मग विचार."

तो पुन्हा बोलला. या वेळी मी श्वास रोखला होता. तीनच शब्द होते. 'तू', मग 'मला', आणि तिसरा तो घाबरून जवळजवळ गिळणारच होता.

तो वळून बघेपर्यंत माझा हात वर होता. अर्ज धरलेला, रंगाचे डाग असलेला, चांगला डोक्याच्या वर. पायऱ्या चढणारी माणसं बघत होती.

"त्याहून हळू म्हणू?" त्यानं विचारलं.

"नको," मी म्हणाले. "आता जरा मोठ्यानं म्हण. वर्षभर घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही."

त्या रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा पाटी जमिनीवर होती. कागदाची दोन टोकं त्यानं धरली होती आणि मी टाचणीनं 'कन्या' पुरं करत होते. आत्या नेहमीचंच विचारणार होती, घर खायला उठत नाही का. फोन धरायला माझा हात मोकळा नव्हता, तेव्हा तिला उत्तर त्यानं दिलं.