उर्मिलाची परिसर-संचिका

चंद्रावरच्या वसाहतीत हरितगृहं दोन होती. पहिलं पद्मजा खोतचं, दुसरं उर्मिला साखळकरचं. पृथ्वीवरच्या कार्यालयाने कळवलं होतं की यापुढे एकच ठेवायचं; या महिन्यात ज्याचं उत्पन्न कमी, ते बंद.

उर्मिलाची मेथी हातभर वाढली होती. पद्मजाची जेमतेम बोटभर. जेवताना जो तो म्हणे, "उर्मिलाची भाजी आहे ना आज?" पद्मजाला घास गिळवत नसे.

"हरितगृह चालवणारी संगणकाची कार्यावली दोघींची एकच ना, सर?" तिने संगणकतज्ज्ञ नाडगौडांना विचारलं.

"अक्षरन् अक्षर. पण ती जन्मतः कोरी असते. पाणी किती, दिवे किती तास, तिला काही ठाऊक नसतं. सुरू होताना ती शेजारची छोटी परिसर-संचिका वाचते. त्यात लिहिलेलं जग तिच्यासाठी खरं."

"म्हणजे मोठेपणा संचिकेचा. उर्मिलाबाईंचा नव्हे."

नाडगौडा हसले. "चार महिने खपून तिनेच जुळवलीय ती. विरजण मागतेस तशी माग. देईल."

मागायचं? आणि तेही तिच्याकडे?

उर्मिला जेवायला गेली तेव्हा पद्मजाने ती संचिका जशीच्या तशी उचलून आपल्या यंत्रात ठेवली. वाचलीसुद्धा नाही. उर्मिलाची हुशारी ओळीओळीने पाहणं तिच्या जिवावर आलं.

मेथी तरारली. पद्मजा मनोमन सुखावली.

महिनाअखेरीला आकडे लागले. हरितगृह दोन: दुप्पट. हरितगृह एक: शून्य.

नाडगौडांनी पद्मजाच्या यंत्रातली संचिका उघडली. पहिलीच ओळ होती: हरितगृह क्रमांक दोन.

"तुझ्या कार्यावलीने वाचलं आणि मानलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझी जुडी न् जुडी उर्मिलाच्या नावावर गेली."

"पण माझे दिवे तर चालू आहेत."

"एकने दिवे विझवावेत, असा हुकूम पृथ्वीवरून सकाळीच सुटलाय. तो अजून फिरतोय, कारण स्वतःला एक म्हणवणारं इथे कुणी उरलं नाही. क्रमांक दुरुस्त केला, की तुझी कार्यावली तो हुकूम पाळेल. करू?"

तेवढ्यात उर्मिला दारात आली. हातात मेथीची जुडी.

"पद्मजा, अगं, माझी मेथी या महिन्यात इतकी कशी आली, मलाच कळेना. घेतेस थोडी?"

पद्मजाने दिव्यांकडे पाहिलं. मग नाडगौडांकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून, आणि जुडी हातात घेतली.

"छान आलीय हो," ती म्हणाली, "तुझी मेथी."