चारशेसातचं वजन

लोकांना वाटतं, जहाजावर विमान वैमानिक उतरवतो. वैमानिकांनाही तसंच वाटतं. खरं म्हणजे विमान उतरत नाही, आदळतं, आणि त्याला थांबवायचं काम आमचं. विमानाच्या शेपटीखाली हुक असतो. तो डेकवर आडव्या ताणलेल्या चार पोलादी दोरांपैकी एकात अडकतो. दोर विमानामागे फरफटत जातो आणि डेकच्या पोटातलं यंत्र तेलाच्या दाबाने त्याला धरून ठेवतं. या यंत्राला विमानाचं वजन आधी सांगावं लागतं. कमी सांगितलं तर विमान थांबत नाही, पुढच्या कडेवरून समुद्रात जातं. जास्त सांगितलं तर हिसक्याने हुकच उपटतो आणि विमान तरीही समुद्रातच जातं. आमच्या जहाजावर हे वजन सांगणारा माणूस मी होतो.

मी लेफ्टनंट एमेट रूड, नॉर्थ डकोटातल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला. गाडी भरून आली की माझे वडील काट्यावर चढवायच्या आधीच तिच्या आसाकडे बघून वजन सांगायचे, आणि मलाही ती खोड लागली होती. वैमानिक मला ‘बटाट्या’ म्हणायचे. हे नाव वॉरन टीगने पाडलं होतं, आणि एकदा टीगने नाव पाडलं की ते तुमच्या थडग्यावरच जायचं.

सहासष्ट साली आम्ही व्हिएतनामच्या लढाईवर, टोंकिनच्या आखातात होतो. डेकवर बुटांचे तळवे चिकटायचे, कॉफीला गंज आणि इंधनाची चव यायची. दिवसातून तीन-चार वेळा विमानं उडवायची, तितक्याच वेळा पकडायची. पद्धत ठरलेली. येणाऱ्या विमानाचं वजन मी फोनवर सांगायचो, खालच्या यंत्रांवरचे चौघे ते एकेक करून मोठ्याने परत म्हणायचे आणि मगच मी डेक मोकळा असल्याचा हिरवा दिवा द्यायचो. एक जरी गप्प राहिला तरी दिवा लाल, आणि विमान पुन्हा वर. एखादं कितव्यांदा परत आलंय याची मला पर्वा नसायची.

टीग आणि लायल मर्सर जोडीने उडायचे आणि एकाच खोलीत राहायचे. एके दिवशी किनाऱ्याजवळ मर्सरच्या विमानाला गोळा लागला. तो हवाई छत्रीने समुद्रात उतरला. पाण्यातून त्याने हात हलवला, तो टीगने पाहिला. हेलिकॉप्टर येईपर्यंत टीग त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिला. इंधन संपत आलं तसं त्याला निघावं लागलं. हेलिकॉप्टर पोहोचलं तेव्हा पाण्यावर छत्री होती, माणूस नव्हता.

त्या दुपारी टीगचं विमान, क्रमांक चारशेसात, उतरलं आणि खालून, चौथ्या यंत्रावरून, चीफ थिबोडोचा फोन आला. चीफ लुइझियानाचा, यंत्रांजवळ उभं आयुष्य घालवलेला, कॉफीत मीठ टाकून पिणारा माणूस.

“सर, आकडा काय दिला होता?”

“साडेबारा हजार पौंड. का?”

“जड आलं. दोर नेहमीपेक्षा लांब गेला.”

“बॉम्ब टाकून आलंय, चीफ. टाकीत थेंब नाही. जड कसं येईल?”

“ते तुम्ही शिकलेले लोक सांगा. मी आपला दोर बघतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त. चीफच्या माणसांनी यंत्र उघडून बसवलं, झडपा बदलल्या, दोर बदलले. बाकी विमानं जिथल्या तिथे थांबत होती. मी चारशेसात हँगरमध्ये नेऊन तिन्ही चाकांखाली काटे लावले. वजन पुस्तकात होतं तेवढंच भरलं. मग दुसऱ्या वैमानिकाला चारशेसात दिलं तर ते हलकं फूल आलं. टीगला दुसरं विमान दिलं तर ते जड आलं. टीगला दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं. त्याचं वजन नेहमीपेक्षा कमीच भरलं, कारण मर्सर गेल्यापासून तो नीट जेवत नव्हता.

मी इंजिनिअर आहे. यंत्र चुकतं किंवा माणूस चुकतो, तिसरं काही नसतं, अशी माझी समजूत होती. ती मला सोडायची नव्हती. पण चारशेसात उतरलं की मी आता त्याचे पाय बघू लागलो होतो. या विमानाचे पाय बगळ्यासारखे उंच. ते टेकलं की पाय दबायचे आणि बाकीच्यांसारखे लगेच वर यायचे नाहीत. थोडा वेळ विमान तसंच बसून राहायचं, मग हळूहळू उठायचं, गाडीतून पोतं उतरवल्यावर गाडी उठते तसं.

शिवाय पोटाखाली पाणी ठिबकायचं. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी ठिबकायचंच. तापलेल्या डेकवर ते लगेच सुकायचं आणि मागे पांढरा डाग राहायचा. एकदा मी बोट लावून चाखलं. खारट होतं.

एका संध्याकाळी मेसमध्ये टीग एकटाच बसला होता. ताटातली अंडी तशीच.

“बस, बटाट्या. आज किती भरलो?”

“तुला माहितेय?”

“अरे, विमान मी चालवतो! दांडा ओढून खांदे भरून येतात. इंधन पाण्यासारखं जातं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोणाला सांगू? डॉक्टरला? उद्या मला वेड्यांच्या वॉर्डात टाकतील आणि तुम्ही सगळे रविवारी फुलं घेऊन याल.” तो हसला, पण हसू लवकर संपलं. “लायलचा बंक माझ्या वर होता ना. सामान बांधून त्याच्या घरी पाठवलं, गादी नेली. नुसती जाळी उरलीय. ती खाली झोळलेली असते, एमेट. मी आडवा झालो की माझ्या नाकापर्यंत येते.”

त्याने मला नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदाच.

“आजारी पड,” मी म्हणालो. “चारच दिवस राहिलेत, मग जहाज इथून निघतंय. आज तुझं विमान कडेपासून हातभर अलीकडे थांबलं. यंत्राचा दांडा शेवटाला जाऊन आपटला. ते दरवेळी वाढतंय. पुढच्या खेपेला मी तुला धरू शकणार नाही.”

“आणि मी उडालो नाही तर तो कोणाबरोबर येईल?”

“कोण?”

त्याने ताट बाजूला सारलं. “मी त्याला तिथे सोडून आलो. आता तो रोज माझ्याबरोबर निघतो आणि तुम्ही रोज त्याला सोडून बाकीचं मोजता. नाव यादीतून काढलं, बंक रिकामा केला, वजनातही धरत नाही. मग त्याने उतरायचं कुठे?”

मी वरच्या मनोऱ्यात जाऊन बॉसला भेटलो. डेकवरचं प्रत्येक विमान त्याच्या हुकमाने हलायचं. टीगचं बोलणं मी गाळलं, आकडे तेवढे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“विमान मोजलं?”

“हो, सर. बरोबर भरलं.”

“वैमानिक मोजला?”

“तोही बरोबर.”

“मग बिघाड तुझ्या यंत्रात आहे. दुरुस्त कर. आणि आकडा पुस्तकातलाच द्यायचा, मिस्टर रूड. अंदाजाने डेक चालत नाही.”

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मधले दिवस टीगची पाळी आली नाही. शेवटच्या दिवशी तो उडाला. दुपार कलली होती, धुरकट हवेत समुद्र आणि आभाळ एक झालं होतं. सगळी विमानं उतरली, टीग मागे राहिला. हवेत इंधन पाजणारं विमान बिघडून हँगरमध्ये पडलं होतं. किनाऱ्यावरच्या धावपट्टीपर्यंत जायला टीगकडे इंधन नव्हतं.

मग रेडिओवर त्याचा आवाज आला. “चारशेसात. दिवा दिसतोय. एकदाच येऊ शकेन.”

मला ते धुरातून दिसलं. नाक वर आणि शेपूट खाली. इंजिन पूर्ण जोरात होतं, तरी ते बुडत बुडत येत होतं. पुस्तकातलं वजन साडेबारा हजार. यंत्रांना तेच लावलेलं होतं. चौघांनी ते परत म्हटलं होतं आणि माझा हिरवा दिवा लागलेला होता.

मी विमानाकडे बघितलं, वडील आसाकडे बघायचे तसं. मग दिवा लाल केला आणि फोन उचलला.

“एकोणीस हजार लावा.”



“सर, परत सांगा,” चीफ म्हणाला.

“एकोणीस.”

“सर, ते जर हलकं असलं तर हुक उपटून येईल. पोरगं मरेल.”

“हलकं नाहीये, चीफ.”

मनोऱ्यातला भोंगा ओरडला, “डेक लाल का आहे? रूड! दिवा दे!”

पहिला म्हणाला, “एकोणीस.” दुसरा म्हणाला. तिसराही म्हणाला.

चीफ गप्प होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

विमान जहाजाच्या मागच्या कडेवर आलं होतं.

“वजनात दोघं धर, चीफ,” मी म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही.

“एकोणीस,” चीफ म्हणाला.

मी हिरवा दिवा दिला.

चारशेसात आदळलं. डेक पायाखाली हादरला, टायरचा धूर उडाला. तिसरा दोर किंचाळत सुटला, ताणत गेला, ताणत गेला.

विमान थांबलं. कडेपासून लांब, जिथे थांबायला हवं अगदी तिथे.

फोनवर चीफने फक्त “देवा” म्हटलं.

विमानाचे पाय दबलेले होते. मी बघत राहिलो. मग ते एकदम उठले. मर्सर गेल्यापासून टीगच्या विमानाचे पाय पहिल्यांदाच असे झटक्याने उठले.

टीग शिडीवरून उतरला आणि डेकवर बसूनच राहिला. मी धावत त्याच्याजवळ गेलो. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

“उतरला रे,” तो म्हणाला. “एमेट, तो उतरला.”

मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. भर डेकवर, सगळ्यांच्या देखत. परत जागेवर आलो तेव्हा डेकवर पाण्याची ओल दिसली. विमानाखालून निघून ती मी उभा राहतो त्या जागेपर्यंत आली होती. वाऱ्याने उडाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि फडक्याने पुसून टाकली.

बॉसने मला बोलावून सोलून काढलं. पण विमान अभंग होतं आणि वैमानिक जिवंत होता, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. टीग त्या रात्री तीन ताटं जेवला. वरच्या बंकची जाळी सपाट झाली म्हणाला. पुढे तो पुष्कळ वर्षं उडाला आणि म्हातारा झाला.

माझी बदली आधीच झाली होती. दोन दिवसांनी सकाळी टपालाच्या विमानाने मला फिलिपिन्सला जायचं होतं आणि तिथून घरी. चीफ निरोप द्यायला आला. त्याने मीठ टाकलेली कॉफी मला जबरदस्तीने पाजली. मी आनंदात होतो. घरी बटाटे काढायचे दिवस आले होते.

टपालाच्या विमानालाही कॅटपुल्टने, म्हणजे वाफेच्या गोफणीने, डेकवरून फेकतात, तेव्हा प्रत्येक प्रवाशाचं वजन आधी करावं लागतं. हँगरमध्ये पाट्याचा मोठा काटा ठेवला होता. त्याच्याजवळ केसी नावाचा दणकट खलाशी खडू घेऊन उभा होता. माझी बॅग त्याने आधीच मोजून विमानात चढवली होती. माझ्या आधीचे चौघे वजन देऊन पुढे गेले. मग मी पाट्यावर उभा राहिलो.

केसीने काट्याकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “सर, हातातलं सामान खाली ठेवा ना.”

मी दोन्ही हात वर करून दाखवले. हात रिकामे होते.

“मग काटा बिघडला बहुतेक. जरा उतरता का, सर?”

मी उतरलो. काटा मागे फिरला आणि निम्म्यावर थांबला.

केसीने काचेवर टिचकी मारली. पाटा हलवून बघितला. काटा हलला नाही. पाट्यावरून एक थेंब जमिनीवर पडला, मग दुसरा.

“आत्ता तर चांगला चालत होता,” केसी म्हणाला. “काय करू, सर? तुमच्यापुरतं अंदाजाने लिहू?”

कॅटपुल्टला कमी वजन सांगितलं तर काय होतं, ते मला माहीत होतं. विमानात चौघं बसलेली होती आणि पुढे समुद्र होता.

“अंदाजाने नको,” मी म्हणालो. “आधी दिसलं तेवढं सगळं लिही. दोन माणसं लिही.”

“दुसरं कोण, सर?”

“मर्सर,” मी म्हणालो, “लायल मर्सर,” आणि काटा शून्यावर आला.