‘येतो’ म्हणू नगंस

ही घटना रात्रीची नाही. भरदुपारी, शेजारी रेडिओ चालू असताना घडलेली आहे. ज्याच्यावर गुदरली तो जयराज आजही कराडात राहतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

जयराजला जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद. आणि दरवेळी फसायचा. एका डब्यात उंदराचं घरटं निघालं, एका मॉनिटरमध्ये नुसती काच.

त्याच्या बायकोचे, शिवांजलीचे, दिवस भरत आले होते.

"आवं, पाळणा कुठं बांधायचा? तुमच्या डबड्यांवर?"

"हा शेवटचा. मग खोली रिकामी करतो."

गेल्या जानेवारीतला तो रविवार. माधवनगरच्या मनुबाईंकडून त्याने कॉम्प्युटर घेतला. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, त्यावर लग्नपत्रिका टाइप करायचे. ते वारले आणि यंत्र झाकून राहिलं.

कॉम्प्युटर गाडीत ठेवून जयराज उंबऱ्याशी आला.

"निघताना येतो म्हणू नगंस," मनुबाई म्हणाल्या. "जातो म्हण."

"का हो, मावशी?"

"मालक खरं धरायचं. गिऱ्हाईक येतो म्हणून गेलं की जेवायचं न्हाईत. वाट बघत बसायचं."

जयराज हसला. पण जिभेचं वळण...

"बरं मावशी, येतो."

मनुबाईंनी डोळे मिटले.

घरी येऊन त्याने झाकण उघडलं. हार्ड डिस्क गायब. पॉवर सप्लाय जळून काळा.

पुन्हा फसलो!

त्याने झाकण आपटलं. वायर लावलीच नाही. तणतणत जेवायला बसला.

आणि आतल्या खोलीतून...

टक. टक टक.

"बंद करा की ते," शिवांजली वैतागली.

"चालूच नाही, तर बंद काय करू?"

आवाज थांबला.

तो उठून आत गेला. वायर जमिनीवर तशीच पडलेली.

मॉनिटरचा पडदा मात्र उजळला होता. त्यावर एकच ओळ...

कवा येतोस?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने माधवनगर गाठलं. मनुबाई दारातच उभ्या होत्या. टेबल पुसूनच ठेवलं होतं.

यंत्र जागेवर ठेवून तो उंबऱ्याशी आला.

"आता तरी जातो म्हण, लेकरा."

रस्ताभर त्याने तेच घोकलं होतं. जातो. जातो. जातो.

त्याने तोंड उघडलं...

"येतो."

आतून आवाज आला.

टक.

आता त्या खोलीत एकही डबा नाही. फक्त पाळणा आहे.

बाळ झोपलं की घर शांत होतं, टकटक ऐकू येईल इतकं.

तेव्हा जयराज टीव्हीचा आवाज वाढवतो.