टिनावरून पडणाऱ्या चाक्या

टण्ण!

"कोनं मारला बे गोटा माह्या टाळक्यात?" निवृत्ती डोकं चोळत उठला. गोट्यांचा डाव ऐन रंगात आला होता आणि हरणारा निवृत्तीच असल्यामुळे त्याला उठायला निमित्तच हवं होतं.

इंद्रभाननं मातीत पडलेली वस्तू उचलली आणि लगेच या हातातून त्या हातात नाचवली. "आय गं! केवढी तापली! गोटा नाही बे हा. चाकी हाये. बोल्टाची चाकी!"

"परत?" आशा म्हणाली. "इंद्या, तुमच्या वडनेरला गारांऐवजी चाक्या पडतात का रे?"

निवृत्ती हा इंद्रभानचा गल्लीतला सवंगडी आणि आशा ही त्याची मामेबहीण. तिच्या वडिलांची तारघरातली नोकरी फिरत फिरत पार वेंगुर्ल्याला, समुद्राकाठी गेली होती. महाराष्ट्र राज्याला तिसरं वर्ष लागलं त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच सुट्टीभर आत्याकडे राहायला आली होती. समुद्र पाहिलेली मुलगी म्हणून पहिले दोन दिवस गल्लीत तिचा फार भाव होता. मग ती गोट्या जिंकू लागली आणि भाव उतरला!

तिघं खेळत होती ती सावली सोजरामावशीच्या घराची. मावशी एकटीच राहायची. गावाबाहेर तिची भाजीची वाडी होती. दोन सालच्या मिरच्या विकून तिनं मातीचं गळकं धाब्याचं छप्पर काढलं होतं आणि मलकापूरहून नवीकोरी टिनं आणून घरावर घातली होती. गेल्या काही दिवसांपासून त्या टिनांच्या पन्हळीतून एखाददुसरी चाकी घरंगळत खाली यायची, तीही भर दुपारीच. कुठून येतात ते पाहायला आशा एकदा टिनांवर चढलीही होती, पण आळीतल्या बायकांनी ओरडून तिला लगेच खाली उतरवलं होतं. इंद्रभाननं त्या चाक्या जमवून चड्डीच्या खिशात ठेवल्या होत्या. गोट्या उडवायला चाकीसारखं हत्यार नाही, असं त्याचं मत होतं.

"शूऽऽ! ऐका!" आशानं भिंतीला कान लावला.

करर्र... करर्र... करर्र...

आवाज घरातून येत होता. मावशी तर वाडीत गेलेली आणि पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप!

"भूत!" निवृत्ती कुजबुजला. "मावशीची सासू हाये थे. जात्यावर दयून राह्यली!"

"मेल्यावर कोन दयते बे?" इंद्रभान म्हणाला.

"तुले काय माईत तिचा सोभाव! जित्तेपनी तरी कुठी सुखानं बसे थे?"

मागच्या दारानं जाऊन पाहावं म्हणून तिघं निघाली, तोच करकर थांबली. कोपऱ्यावरून समोर आले ते भगवंतराव. भगवंतराव म्हणजे इंद्रभानच्या वडिलांचे थोरले भाऊ, त्याचे मोठे बाबा. गावचे सरपंच. मानानं गावात सगळ्यांत भारी आणि वजनानं तर त्याहून भारी. फेटा तिरका झालेला, अंगभर घाम.

"काय लावलं बे पोट्ट्यायनो? भर उन्हात कल्ला!"

"मोठे बाबा, मावशीच्या घरात कोनीतरी..."

"काही नाही घरात! म्या आताच वावरातून येऊन राह्यलो. पया घरी!"

तिघं पळाली. मोठ्या बाबांपुढे कोणाची टाप होती! आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण सरताच त्यांनी निंबावरचे सगळे झोके उतरवायला लावले होते. 'पोरी दिवसभर झोक्यावर बसतीन तं कामं कोन करीन?' असा सरपंचांचा हुकूम. त्यामुळे सणानंतर आलेल्या आशाला एकही झोका मिळाला नव्हता. तो राग तिच्या पोटात अजून धुमसत होता.

त्याच संध्याकाळी पश्चिमेकडचं आभाळ पिवळंजर्द झालं. धुळीचा लोट उठला, शेणाच्या पाट्या आणि वाळत घातलेली लुगडी उडाली आणि मग असा काही वारा सुटला की गुरं दावी तोडू लागली. सोजरामावशी शेळीला आत घ्यायला दारात आली होती. तेवढ्यात डोक्यावर धडाड्‌धड्‌ आवाज झाला आणि घरावरची मधली टिनं पत्त्यांसारखी उडाली! एक तिच्या पदराला चाटून गेलं. मावशी वाचली, शेळीही वाचली. पण घरातल्या पोत्यांतल्या मिरच्या भिजून चिखल झाल्या.

सकाळी अख्खी आळी मावशीच्या अंगणात जमली. आसपासची जुनी, गंजकी टिनं जागच्या जागी होती आणि नेमकी हीच नवी कशी गेली?

"माह्या कामात खोट नाही!" टिनं बसवणारा कडूबा मिस्त्री छाती काढून म्हणाला. "एकेक चाकी म्या पान्यानं आवयली होती. कोनीतरी सोडल्याबिगर सुटतच नाही!"

इंद्रभान कडब्याच्या गंजीत खुपसलेलं एक टिन ओढून आणत होता. तो वाकला मात्र आणि खिशातल्या सगळ्या चाक्या खळ्ळकन मिस्त्रीच्या पायांशी सांडल्या!

"हे पाहा! सापडला चोर!" कडूबा ओरडला.

"नाही नाही! ह्या खाली पडल्या होत्या! म्या फक्त उचलल्या!" इंद्रभान कळवळून म्हणाला. पण कोण ऐकतो? आधीच मर्कट, त्यात खिशात पुरावा!

भगवंतरावांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी खाकरून निकाल दिला, "इंद्यानं सुट्टीभर उंबऱ्याबाहीर पाय ठेवाचा नाही. अन् आशाले उद्याच्या गाडीनं नांदुऱ्याहून वापस धाडा. पोरीची जात अन् टिनावर चढते!"

सोजरामावशी रागावली नाही. ती नुसती म्हणाली, "दोन सालच्या मिरच्या होत्या रे त्या टिनात, इंद्या."

याच्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इंद्रभानला वाटलं.

"रडतोस काय?" मोठी माणसं चहाला पांगताच आशानं त्याला कोपरानं ढोसलं. "गाडी उद्या आहे. आजचा दिवस आपला. मी वर चढते."

"परत? आता तं फाशीच देतीन तुले!"

"निवृत्ती, तू राखण कर. कोणी आलं की खोक!"

आशा खारीसारखी वर चढली. उरलेल्या टिनांवरची एकेक चाकी तिनं चिमटीनं फिरवून पाहिली. कडेच्या, भिंतींवरच्या चाक्या दगडासारख्या घट्ट होत्या. मधल्या जाड लाकडाजवळच्या मात्र बोटानं गरगर फिरत होत्या. "इंद्या! सगळी गडबड मधल्या नाटावर आहे! आत जाऊन बघ!"

इंद्रभान आत गेला. नाट म्हणजे छप्पर पेलणारं ते मधलं आडवं सागवानी लाकूड. त्यावर एका जागी घासून घासून चकचकीत खाच पडली होती. तिच्या बरोबर खाली, मावशीनं सारवलेल्या जमिनीला, टाचांनी उकरल्यासारखा खळगा होता.

"अबे!" तो आनंदानं ओरडला. "भूत नाही, झोका! कोनीतरी येथी रोज झोका घेऊन राह्यलं! नाट हालते, टिन हालते, चाकी सुटते!"

"आणि वायसर एकाही बोल्टाला नाही," आशा वरून म्हणाली. "आमच्याकडे चाकीखाली डांबरी वायसरची चकती घातल्याशिवाय कोणी पत्रा ठोकत नाही. नुसती चाकी हालवली की सुटणारच!"

निवृत्ती खोकायचं विसरून दारात उभा होता. "पन झोका घेते कोन?"

"ते नंतर. आधी सगळ्यांना दाखवू," आशा म्हणाली. "दोर आण."

इंद्रभाननं मोठ्या बाबांच्या गोठ्यातून मोटेचा नाडा आणला, विहिरीवरचा तो जाड दोर. तो नाटावर टाकताच इंद्रभान चमकला. पायताणात पाय बसावा तसा नाडा त्या खाचेत बसला! नाड्याची तेवढीच जागा झिजून गुळगुळीत झालेली होती. तिरका फेटा, घाम, शेतातून आल्याची थाप... सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. आता सरपंचांना, आपल्याच मोठ्या बाबांना, गावासमोर कसं म्हणायचं? त्यानं आशाकडे पाहिलं. आशानंही ओळखलं होतं.

"तू काहीच बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "त्यांना नुसतं बसायला सांग."

परत आळी जमली, काही घरात, काही अंगणात. आधी निवृत्ती झोक्यावर बसला. त्यानं चांगले उंच झोके घेतले, पण चाकी काही पडेना. कडूबा खो खो हसला. "झालं का पोट्ट्यायचं नाटक?"

"निवृत्ती म्हणजे नुसती हाडं," आशा म्हणाली. "वजनदार माणूस पाहिजे."

इंद्रभान पुढे झाला. "मोठे बाबा, तुमी बसा न."

"म्या? सरपंच मानूस झोक्यावर?" भगवंतराव दोन पावलं मागे सरले.

"बसा न वो," त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पोरांची मोठी आई ती. "पोट्टे खोटे ठरतीन तं ठरतीन. तुमचं काय जाते?"

भगवंतराव बसले. आधी आखडून, लोखंडाच्या पहारीसारखे. पण झोका जरा हलला आणि काय सांगावं! टाचा आपोआप बरोबर त्या खळग्यात गेल्या, एक रेटा बसला, गुडघे दुमडले, पाय लांब झाले, आणि सरपंच असे सुरेख झुलू लागले की आळीतल्या माहेरवाशिणींनी तोंडात बोट घालावं! त्यांचे डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत ते आखाजीचं बायकांचं गाणं गुणगुणू लागले.

करर्र... करर्र...

टण्ण! एक चाकी अंगणात पडली.

टण्ण! दुसरी.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. भगवंतराव मात्र झुलतच होते!

"अवो!" अन्नपूर्णाबाईंचा आवाज चढला. "हे काही पह्यल्या खेपीचं बसनं नोय! रोज दुपारी वावरात जातो म्हनता, थे वावर हे हाये का?"

झोका थांबला. सरपंचांनी डोळे उघडले आणि समोर सगळं गाव पाहून फेट्याचा शेमला तोंडावर घेतला.

"काय सांगू आता?" ते खाली पाहून म्हणाले. "मले बहिनीच बहिनी. आखाजीले झोके म्या बांधो, झोका म्या देवो. बसाले गेलो का समद्या म्हनत, पोट्ट्यानं नाही बसू, लाज नाही का! मंग पोरी झाल्या, त्यायचेही झोके म्याच बांधले. यंदा दोर उतरवला अन् वाटलं, एकडाव तरी बसून पाहावं."

"एकडाव?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"मंग रोजच," सरपंच पुटपुटले. "आपल्या घरी तुमी पाह्यलं असतं. सोजराच्या मागच्या दाराची कडी आपल्या परसात. अन् एवढं उंच नाट गावात कोनाचंच नाही."

आधी मावशीच हसली. मग हसू असं पसरलं की निवृत्ती जमिनीवर लोळला. इंद्रभानच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि हसता हसता त्याला रडूच आलं. आपण चोर नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं!

भगवंतरावांनी मावशीपुढे हात जोडले. "चुकलो बाई. दोष माहा, अन् सजा लेकरायले देल्ली."

"हात नोका जोडू भाऊ, वरतं पाहा," मावशी म्हणाली. "आभाय परत भरून राह्यलं."

खरंच, पश्चिम पुन्हा पिवळी पडत होती!

"कडूबाकाका, वायसर?" आशानं विचारलं.

"अवं पोरी, येथी का समुद्र हाये..." कडूबानं सुरुवात केली, मग उघड्या छपराकडे पाहून त्यानं डोकं खाजवलं. "आता वायसर मलकापूरले भेटतीन. तवरोक?"

इंद्रभानला एकदम सुचलं. "मोठे बाबा, तुमची जुनी मोट! चामड्याची! तिचेच तुकडे कापू!"

मग काय धांदल! तेल पाजलेली जुनी मोट फाडून कडूबानं भराभर गोल चकत्या कापल्या. पुरुषांनी टिनं चढवली. इंद्रभाननं खिशातल्या सगळ्या चाक्या परत दिल्या आणि आज पहिल्यांदाच त्या देताना त्याला जिवावर आलं नाही. आशा खालून ओरडून सांगत होती, "आमच्याकडे कोळी लोक छपरावर जुनी जाळी टाकतात आणि कडेला दगड बांधतात!" जाळी नव्हती, पण विहिरींवरचे नाडे होते. घराघरांतून नाडे आले. टिनांवरून आडवेउभे टाकून त्यांच्या टोकांना धोंडे बांधले आणि शेवटची गाठ बसते न बसते तोच वारा आला.

रात्रभर तो घुमला. तिघं मोठ्या बाबांच्या ओसरीवर कान टवकारून बसली होती. टण्ण ऐकू येईल, आता येईल... पण नुसता पाऊस टिनांवर तडतडत राहिला. निवृत्ती ऐकता ऐकता झोपून गेला.

सकाळी मावशीचं घर जसंच्या तसं उभं होतं, आतली जमीन कोरडी ठणठणीत.

"लेकरायनं घर राखलं माहं," मावशीनं तिघांवरून हात ओवाळून बोटं मोडली. "अन् म्या त्यायलेच बोलली."

"पोरी, तू काही गाडीनं जात नाहीस," भगवंतराव आशाला म्हणाले. "पुरी सुट्टी राहाचं. गावातली समदी टिनं तपासाची हायेत. अन् कडूबा तुह्या हाताखाली."

कडूबानं मुकाट्यानं मान डोलावली.

चौकातल्या निंबावर नवा झोका बांधला होता. आशा धावत गेली, पण झोक्याजवळ जाऊन थांबली आणि दोर भगवंतरावांच्या हातात दिला.

"पहिला तुमचा, मोठे बाबा. सगळ्यांसमोर."

सरपंचांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फेटा काढून इंद्रभानच्या डोक्यावर ठेवला आणि झोक्यावर बसले. मागून झोका द्यायला अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या.