तिसऱ्या भागाआधीची शांतता

डोलोरेसच्या गळ्यावरचा वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं मला पटवायला कुणी येऊ नये.

फेब्रुवारीतला शनिवार. क्लीव्हलँड. भर दुपारी सरोवराकडून येणारं बर्फ तिरकं कोसळत होतं.

लेनर्ड हावलिचेक आणि मी एकाच मासिकात लिहायचो. शास्त्रीय संगीताची नवी आणि पुन्हा निघालेली जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकायची, परीक्षण लिहायचं. लेनर्डचे कान भलतेच तिखट. वादकाची खुर्ची करकरली तरी तो ते लेखात मांडायचा.

त्या दुपारी त्याच्याकडे एक जुनं रेकॉर्डिंग आलं होतं, साफसूफ करून नव्यानं निघणारं. तीन भागांची रचना. चेलोवर, म्हणजे त्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, इल्का सारोश. पियानोवर तिचा नवरा.

दुसरा भाग संपला.

शांतता...

आणि त्या शांततेत खुर्ची पडली.

मग टाचा घासल्याचा आवाज. मग घशातून... खरखर.

लेनर्डनं हेडफोन काढून भिरकावले. टेप साफ करणाऱ्या मार्टी क्विनलनला फोन लावला.

"मार्टी, लेका, मध्ये हे काय ठेवलंयस?"

"कुठे?"

"तिसऱ्या भागाआधी. कुणीतरी मरतंय तिथे."



"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ऐकू येतंय ना!"

"लेनी... नवऱ्यानं तिला तिथेच मारलं. स्टुडिओत. चेलोच्या तारेनं गळा आवळला, मग स्वतःला गोळी घातली. तिसरा भाग आधीच घेऊन झाला होता; मारलं तेव्हा टेप चालूच होती. पण तो तुकडा मी माझ्या हातानं कापलाय. तुझ्या सीडीवर तिथे काहीच नाहीये!"

दुसऱ्या कुणी सीडी कचऱ्यात टाकली असती. लेनर्ड हट्टी. त्यानं बायकोला हाक मारली.

"डोलोरेस, जरा ये. मला वेड लागलंय का ते सांग."

"ते लग्नाच्या दिवशीच सांगितलंय. आणि तुझ्या चेलोबिलोतलं मला काय कळतं रे? ओव्हनमध्ये कोंबडी आहे माझी."

"कोंबडी पळून जात नाही. बस."

त्यानं स्पीकर लावले. डोलोरेस सोफ्यावर बसली. तिला ते संगीत आवडलंही.

दुसरा भाग संपला.

शांतता...

"काही नाहीये रे," ती म्हणाली.



ती वळणार, एवढ्यात हेडफोनची वायर तिच्या गळ्यात रुतली.

मागे लेनर्ड होता.

तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्त आलं. वायर आणखी आवळली. पाय झाडताना टेबल उलटलं, काच फुटली, तिच्या टाचा जमिनीवर घासू लागल्या...

आणि लेनर्ड गुणगुणत होता.

शांतपणे. तालात.

तिच्या हाताला पितळी दिवा लागला. तो तिनं मागे त्याच्या डोक्यात हाणला. त्यानं सोडलं नाही. पुन्हा हाणला. या वेळी हाड वाजलं.

लेनर्ड कोसळला.

डॉक्टरांना तिनं सांगितलं, तो बर्फावरून घसरला. स्वतःच्या गळ्याला तिनं रुमाल बांधला होता. आम्ही दोघंच असताना तिनं तो सोडून दाखवला.

"पोलिसांना का नाही सांगत गं?"

"हात त्याचे होते," ती म्हणाली. "माणूस तो नव्हता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्टी हॉस्पिटलात आला. चेहरा पांढराफटक.

"मूळ टेप पुन्हा लावून बघितली," तो म्हणाला. "चेलो आहे. पियानो नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती एकटीच वाजवतेय. अरे, मी महिनाभर ते दोघांचं ऐकलंय! मग तिचा नवरा गेला कुठे?"

मी, मार्टी आणि डोलोरेस काचेतून आत बघत होतो.

लेनर्ड बेशुद्ध होता. डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं. जन्मात त्यानं कधी पियानोला हात लावला नव्हता.

पांघरुणावर त्याची दहाही बोटं चालत होती...

डोलोरेस हळूच माझ्या मागे सरकली.

आता तो घरी आहे. तिनंच त्याला परत नेलंय. रविवारी जेवायला ये म्हणून फोन करते. दर वेळी मी काहीतरी कारण सांगतो.

फोनवर तिच्या मागे कुणीतरी गुणगुणत असतं.