नवा दोर फांदीला

दाक्षायणीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर कडुलिंबाची भलीमोठी फांदी येऊन लोंबकळली, आणि मग वरून आवाज आला, “अहो, जरा बाजूला व्हा की… फांदी उतरतीय.”

“हे आधी सांगायचं असतंय.”

“आधीच सांगनार हुतो. पन तुमी लई भरभर आला.”

म्हणजे चूक तिचीच. अप्पांच्या जेवणाचा डबा सावरत तिनं वर पाहिलं. वैशाखातलं सोलापूर, सकाळी अकरालाच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि हा गडी मात्र दोन मजले उंच बेचक्यात बसून, केसांत लिंबाचा पाला अडकवून, मजेत हसत होता. तो दिसायला चांगला होता, याचाही तिला राग आला.

पण तिची नजर चेहऱ्यावर फार वेळ टिकली नाही. फांदी ज्या दोराला लटकत होती तो दोर कोरा होता आणि त्याचं टोक लाल दोऱ्यानं गुंडाळलेलं होतं. ती तिच्याच दुकानाची खूण. तसाच लाल दोरा त्या माणसाच्या कमरेच्या दोरालाही होता, पण पार विटलेला. आणि तीन पेडांपैकी एक पेड तर जुन्या केरसुणीसारखा पिंजारला होता.

“तो कमरेचा दोर कधीचा?” तिनं विचारलं.

“तुमच्याच दुकानातला हाय.”

“कधीचा, ते विचारलं मी.”

“भात्तरच्या दुष्काळात घेतल्याला.” त्यानं दोरावर कौतुकानं थाप मारली. “लई टिकाऊ माल हाय बगा तुमचा.”

बहात्तरच्या दुष्काळाला तीन वर्षं झाली होती. अशा स्तुतीवर दाक्षायणी पाय आपटत निघून गेली.

नवी पेठेमागच्या बोळात तिच्या वडिलांचं, महादेवप्पांचं, दोरांचं दुकान होतं. दावी, कासरे, सुतळीची बंडलं, बाजेच्या नवारीच्या गुंडाळ्या. अप्पांची नजर अधू झाल्यापासून गादीवर दाक्षायणी बसायची. नुसत्या बोटांनी चाचपून ती दोराचं वय सांगायची, आणि त्या सांगण्यावर गिऱ्हाइकांचा अप्पांपेक्षा जास्त विश्वास होता.

चौथ्या दिवशी तो गडी दुकानात हजर. सिद्धनाथ त्याचं नाव, मूळचा वैरागचा. दुष्काळानं शहरातली निम्मी झाडं अर्धमेली केली होती. कुणाच्या कौलांवर वाळकी फांदी, कुणाच्या तारेवर. ती उतरवायचं काम तो आणि त्याचा जोडीदार इराप्पा मिळून करायचे. सिद्धनाथ वर आणि इराप्पा खाली, दोराचे दोन वेढे खोडाला देऊन, फांदी हळूहळू सोडत. आजवर दोर न्यायला इराप्पाच यायचा.

“चाळीस हात दोर द्या. चांगला बगून.”

“कमरेला?” तिनं आशेनं विचारलं.

“न्हाय हो, फांदीला. आता फांदीचा दोर कमरेला यील. कमरेचा इराप्पा बाजंला बांदील.”

दाक्षायणीनं मोजता मोजता हात थांबवला. “म्हणजे… नवा दोर फांदीला आणि उतरलेला माणसाला?”

“व्हय. समद्यांची हीच रीत हाय. फांदी जड असती की. कुनाच्या कौलावर पडली, तर परत कोन बोलवनार? आमी हलकी मानसं. आन् फांदीला अक्कल नसती, आमाला हाय. दोर तुटला तर आमी झाड धरतो.”

“अक्कल हाय, असं दिसत तर न्हाय.”

“आमचे उस्ताद इमामसाब चाळीस वरसं असंच चढले,” तो अभिमानानं म्हणाला. “एकदाच पडले. त्ये बी बाजंवरनं.”

आतून अप्पांच्या हसण्याचा आवाज आला. दाक्षायणी हसली नाही. तिनं नुसता हात पुढे केला. त्यानं भाबडेपणानं पिशवीतला कमरेचा दोर काढून तिच्या हातात ठेवला, आणि तिनं तो पाटावर धरून कोयत्यानं खटाखट तोडला. चार तुकडे केले. सिद्धनाथ आ वासून बघत राहिला.

“आता मी काय बांदू?”

“हा.” तिनं वेगळा नवा दोर त्याच्यापुढं टाकला. “हा माणसाचा. तो फांदीचा. अदलाबदल करायची न्हाय.”

“दाक्षा,” आतून अप्पा म्हणाले, “गिऱ्हाईक हाय गं ते.”

“म्हणूनच तोडला,” ती म्हणाली.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, घरापासून दुकानापर्यंतचा दाक्षायणीचा सरळ रस्ता वाकडा झाला. आज एखाद्या बंगल्याच्या पिंपळाखालून, उद्या कुठल्याशा चिंचेखालून, डबा घेऊन ती जायची, मान वर करायची आणि कमरेकडं बघायची. दुसरी म्हणजे, सिद्धनाथला दर दोन दिवसांनी सुतळी लागू लागली.

“एवढी सुतळी खाताय का काय?” ती विचारायची.

“लागती की… बारीकसारीक बांदायला.”

“काय बांधता?”

तो डोकं खाजवायचा. “अजून काय बांदलं न्हाय. पन असावी जवळ.”

तो गेल्यावर ती सुतळीचं बंडल उगाच उलगडायची आणि परत गुंडाळायची. आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्यानंच तिचा जीव अधिक मेटाकुटीला आला होता. आवडावा तर एखादा गिरणीतला, जमिनीवर उभा राहणारा आवडावा. हा रोज सकाळी उठून झाडाला लोंबकळणार, आणि आपण रोज संध्याकाळी तो सुतळी न्यायला येतो का, याची वाट बघणार.

महिनाभरात तिला दिसायचं ते दिसलंच. कमरेचा नवा दोर फांदीला आणि फांदीचा घासलेला दोर कमरेला. “काय करू,” तो खालच्या मानेनं म्हणाला, “चिंचंची फांदी लई जड निगाली.”

त्या रात्रीपासून… नाही, रात्री तिला सुई दिसत नसे, रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं दाभण हातात घेतलं. बाजेची रुंद नवार तिपदरी केली, कडेनं दुहेरी शिवली, मध्ये जाड लोखंडी कडी घातली. कमरेला एक आणि मांड्यांना दोन असे पट्टे केले. दोन माणसांच्या वजनाची सुतळीची गाठोडी त्या पट्ट्यात भरून तुळईला टांगून ठेवली. आठ दिवस अप्पा त्याखालून वाकून ये-जा करत होते, पण हे कुणासाठी, ते मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तिनं पट्टा सिद्धनाथच्या हातात ठेवला. कोऱ्या सुताचा वास घेत तो उभा राहिला.

“हे… माज्यासाटी?”

“न्हाय, फांदीसाठी,” ती चिडून म्हणाली. “नाहीतरी तिलाच बांधणार तुमी.”

“ह्यो न्हाय बांदायचा फांदीला,” तो इतक्या हळू म्हणाला की तिचा राग क्षणभर पातळ झाला.

दोन दिवसांनी ती एका शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली पोचली. शाळेला सुट्टी होती. वर सिद्धनाथ मागं रेलून, सगळा भार कमरेवर टाकून करवत चालवत होता. आणि कमरेला तोच फांदीचा घासलेला दोर. तीन पेडांतले दोन तुटून लोंबत होते. तिसऱ्यावर सिद्धनाथ होता.

“पट्टा कुटं हाय?” तिनं इराप्पाला दबक्या आवाजात विचारलं.

“पिशवीत,” इराप्पा म्हणाला. “कागदात गुंडाळून ठिवलाय. रोज काडतो, बगतो, परत ठिवतो.”

दाक्षायणीला रडावंसं वाटलं आणि कुणाला तरी बदडावंसंही वाटलं. पण ओरडलं तर तो खाली वाकून बघणार, हसणार आणि दोराला झटका बसणार. तिनं पिशवीतून पट्टा काढला, फांदीच्या नव्या दोराच्या मोकळ्या टोकाला कडीतून घट्ट गाठ मारली. तो दोर सिद्धनाथच्याही वरच्या बेचक्यातून खाली आला होता. दुसरं टोक खोडाला वेढे देऊन इराप्पानं धरलं होतं.

“सिद्धनाथ,” ती शांत आवाजात म्हणाली. त्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं. “करवत सोडा. डाव्या हातानं फांदी धरा. वाकू नका.”

जन्मात पहिल्यांदा त्यानं ऐकलं. इराप्पानं पट्टा वर खेचला. सिद्धनाथनं एका हातानं एका मांडीचा पट्टा चढवला, मग दुसऱ्या मांडीचा, मग कमरेची गाठ मारली. इराप्पानं दोर ताणून घेतला. सिद्धनाथनं बसल्या जागेवरून पाय हलवला, आणि जुना दोर फारसा आवाज न करता तुटून तिच्या पायाशी येऊन पडला.

सिद्धनाथ हातभर खाली आला आणि पट्ट्यात लटकला. पट्ट्यानं धरलं. दाक्षायणीनंही इराप्पाच्या मागून दोर पकडला होता. तळहात सोलवटले ते तिला नंतर कळलं.

दोघांनी त्याला हळूहळू सोडलं, फांदी सोडतात तसं. पण पाय जमिनीपासून वीतभर वर असतानाच तिनं खोडाला आणखी एक वेढा मारला. सिद्धनाथ हवेतच संथ गिरक्या घेऊ लागला.

“सोडा की खाली.”

“पट्टा का घातला न्हाय?”

“नवा हाय…” तो पाठमोरा झाला. ती वाट बघत राहिली. तोंड परत समोर आलं. “…खराब हुईल म्हनून.”

“खराब व्हायसाठीच केलाय तो.”

“तुमच्या हातचा हाय. ह्यो इटला तर दुसरा कुटनं आनू?”

“दुसरा मी करून देईन,” तिचा आवाज फुटला. “तिसरा बी देईन. दरसाल नवा देईन, कळलं का? तुमी पडला तर मी काय करायचं?”

इराप्पा एकदम झाडाचा शेंडा न्याहाळू लागला. आणि सिद्धनाथ नेमका तेव्हाच फिरून पाठमोरा झाला. त्याची ती गिरकी संपता संपेना. दाक्षायणीनं शेवटी पुढं होऊन त्याच्या पट्ट्याला धरलं आणि त्याला आपल्याकडं वळवलं.

“दरसाल?” त्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“दरसाल.”

“मला सुतळी नको हुती, दाक्षायणी. एकदा बी नको हुती. मला तुमी पायजे.”

“मला जिता माणूस पायजे,” ती म्हणाली. “नवा दोर माणसाला. बोला.”

“नवा दोर मानसाला. आन् जुना फांदीला?”

“जुना चुलीत.”

मग तिनं इराप्पाला खूण केली आणि वेढा सोडला.

तो पट्टा न काढताच तिच्यामागून नवी पेठेतून चालत दुकानात आला. लोक वळून बघत होते. अप्पांनी दोघांच्या आवाजांवरून काय ते ओळखलं, पण आधी पट्टा चाचपला. शिवणीवरून बोटं फिरवली.

“एवढी बारीक शिलाई हिनं माज्या बाजंला बी कदी केली न्हाय,” ते म्हणाले. “बसा, जावईबापू.”

सिद्धनाथ बसला नाही. लाजून तो गादीपुढं उभाच राहिला. “चाळीस हात दोर द्या,” तो म्हणाला. “चांगला बगून.”

दाक्षायणीनं सोलवटलेल्या हातांनी दोर ओढला आणि डोळे वटारले. “कशाला?”

“मानसाला,” तो म्हणाला.

तिनं एक्केचाळीस हात मोजून दिला.