मुठीतली गोळी

हाडांचं सिमेंट आधी पाकासारखं असतं, मग कणकेसारखं, मग दगड. सगळा खेळ बारा मिनिटांचा. त्यात औषध कालवून द्यायचं काम माझं, म्हणून ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी थिएटरमध्येच होते.

तिचा कृत्रिम सांधा जंतूंनी पोखरला होता. तो काढून तिथे औषधी सिमेंटचा ठोकळा बसवायचा, सहा आठवडे त्यातून औषध झिरपू द्यायचं आणि जंतू मेले तर नवा सांधा.

"आणि मेले नाहीत तर?" ताईनं विचारलं होतं. डॉक्टरांनी मांडीवर बोटानं आडवी रेघ ओढली होती.

आतलं सिमेंट कधी घट्ट झालं ते वरून कळत नाही. म्हणून थिएटरची सिस्टर त्याच लगद्याची गोळी मुठीत धरून उभी राहते. गोळी तापते, टणक होते, मग ती म्हणते, "झालं." आणि गोळी कचऱ्यात जाते. त्या दिवशी मी ती मागून घेतली.

"बहिणीची आठवण का?" सिस्टर हसली.

"मोजायला."

लॅबमध्ये मी ती मिठाच्या पाण्यात, अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवली. रोज सकाळी पाणी बदलायचं, आदल्या पाण्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. असल्या सिमेंटची चाल मला पाठ आहे. पहिल्या दिवशी धार, आठवड्यानं थेंब, पुढे नुसती आठवण.

नवव्या दिवशी थेंबाची पुन्हा धार झाली.

यंत्र बिघडलं असेल म्हणून तीनदा मोजलं. वॉर्डात गेले तर ताईला रात्रभर ताप. बाराव्या दिवशी ताप उतरला, तशी गोळीही ओसरली. विसाव्याला दोन्ही चढले. मग मी आधी गोळी बघायचे आणि मगच ताईकडे जायचे.

"आज एकशे एक होता ना?"

"तुला कुणी सांगितलं गं, भवाने?"

"तुझ्या गोळीनं."

"मग तिला म्हणावं, मला जरा झोपू दे."

माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. दुखणं ओळखणारं, हवं तेव्हा हवं तेवढंच देणारं सिमेंट! पाचव्या आठवड्यात ताप गेला तो गेलाच. गोळी गप्प झाली. मी बेरीज केली. मग पुसून पुन्हा केली. मी जेवढं कालवलं होतं, त्याच्या चौपट औषध त्या एवढ्याशा गोळीतून उतरलं होतं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी मी नव्या सांध्याच्या सिमेंटमध्ये औषध कालवून दिलं आणि ताईच्या गुडघ्यातून निघालेला ओला ठोकळा घेऊन लॅबमध्ये धावले. तुकडा कुटला. विरघळवला. मोजला.

औषध जसंच्या तसं होतं. सहा आठवड्यांत एक कणही बाहेर पडला नव्हता.

मग ताईला बरं केलं कुणी?

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले. मला नवी गोळी हवी होती.

थिएटरच्या दारात सिस्टर हातमोजे उतरवत होती. "छान झालं हो. खोलीत नेलंय तिला."

"गोळी कुठंय?"

"कुठली? अगं, ती गेली भट्टीच्या पिशवीत. नियमच आहे तसा."

"कधी?"

"झाली की अर्धा तास."

खिडकीतून मागच्या अंगणातली कचऱ्याची भट्टी दिसत होती. धुराडं सरळ, शांत धूर सोडत होतं.

मी खोलीत गेले. ताई जागी होती. कंबरेखाली तिला बधिर केलं होतं. संध्याकाळपर्यंत पायाला काही कळायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आलीस?" ती झोपाळू हसली. "गुडघ्याला काय छान ऊब येतेय गं."

मी तिचा हात धरला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता जरा जास्तच होतेय."